अब्रानची जुळी पिस्तुलं

१

शनिवारच्या सरावाची पहिली फेरी संपली तशी इसेला मोन्तान्योनं पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिली.

“हे माझं पिस्तूल नाही,” ती म्हणाली.

अरोयो ब्लांकोच्या नेमबाजी क्लबात त्या वेळी जे कुणी होते त्यांच्यातल्या एकालाही ते पटलं नाही. पटणार तरी कसं? मुठीच्या अक्रोडी लाकडात तिच्या वडिलांनी बसवलेला चांदीचा ठिपका सगळ्यांना दिसत होता. पिस्तूल तिच्याच पोलादी पेटीतून निघालं होतं. आणि समोरच्या कागदावरची भोकं एका बशीखाली सहज झाकली गेली असती. दुसरं कुणी असतं तर तो कागद घडी घालून घरी घेऊन गेलं असतं.

क्लबचा अध्यक्ष वेड केसलर हसला, पण बेतानंच. दुसऱ्या दिवशी इसेलाच्या वडिलांच्या नावाची पहिलीच स्पर्धा होती. तिची झोप झाली नसेल, मन थाऱ्यावर नसेल, असं काहीतरी तो समजुतीच्या सुरात बोलला आणि पुढच्या फेरीचे कागद लावायला गेला.

सावलीत बाकावर बसून पिन्यॉनच्या, म्हणजे पाइनच्या, बिया सोलत असलेल्या एर्मेलिंडा बाकानं मात्र हातातली पुडी खाली ठेवली. शेरीफच्या कचेरीत तिनं तपासाचं काम केलं होतं, अगदी केस पांढरे होईपर्यंत. आता ती क्लबात नवशिक्या बायकांना शिकवायची आणि सगळं गाव तिला ‘तिया’, म्हणजे मावशी, म्हणायचं. लोक खोटं बोलताना कसे दिसतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. खरं बोलत असूनही कुणी ऐकत नाही तेव्हा ते कसे दिसतात, हेही.

“नेम तर चांगला लागलाय, मिहा, पोरी,” तिनं विचारलं. “मग परकं काय वाटतंय?”

“परकं नाही वाटत, तिया, तेच तर. फारच ओळखीचं वाटतंय. घरातल्या सपातेत पाय घालावा तसं. माझं स्पर्धेचं पिस्तूल असं नाही. ते अजून नव्या बुटासारखं आहे.”

इसेला जवळ सरकून खालच्या आवाजात म्हणाली, “काल संध्याकाळी कुलपाच्या खोलीतून डेल्फिनोला बाहेर येताना मी पाहिलं. त्याच्या शर्टाखाली काहीतरी होतं.”

डेल्फिनो म्हणजे तिचा सख्खा भाऊ.

२

इसेला परिचारिका होती. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना घरी जाऊन बघायची. मेसावरची, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरावरची, ती घरं एकमेकांपासून इतकी लांब, की वाटेत गाडी बंद पडली तर हाक ऐकायला कोल्हेच असायचे. म्हणून जाकिटाच्या आत एक पिस्तूल बाळगायची तिला सवय होती. शिवाय रोजच्या सरावाला एक आणि स्पर्धेला एक. पूर्वी ही तीन पिस्तुलं तीन कारखान्यांची होती. एकाची मूठ जाड, दुसऱ्याचा चाप हलका, तिसऱ्याची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, भलतीच उंच. दर वेळी हात गोंधळायचा.

तिचे वडील अब्रान मोन्तान्यो पिस्तुलं घडवायचे. सांता फेपासून सीमेपर्यंत त्यांच्या हातच्या कामाला मान होता. ते एकदा वैतागून म्हणाले, “हात एकच आहे ना तुझा? मग त्याला तीन भाषा कशाला शिकवतेस?” आणि त्यांनी तिच्यासाठी तीन पिस्तुलं एकाच मापाची घडवली. बाळगायच्या पिस्तुलाची नळी तेवढी बोटभर आखूड. सरावाचं आणि स्पर्धेचं म्हणजे तर निव्वळ जुळी भावंडं. तीच मूठ, तीच माशी, चापालाही तेवढाच जोर. ओळखायला प्रत्येकाच्या मुठीत एक ठिपका बसवला. बाळगायच्या पिस्तुलाला फिरोजाचा, सरावाच्याला तांब्याचा, स्पर्धेच्याला चांदीचा. चांदीचं पिस्तूल त्यांचं शेवटचं काम. ते हातावेगळं केलं आणि फेब्रुवारीत ते गेले.

स्पर्धेआधी तेलपाणी व्हावं म्हणून इसेलानं शुक्रवारी दुपारी सगळी पेटी प्रोकोपियो लुसेरोच्या हवाली केली होती. प्रोकोपियो म्हणजे अब्रानचा जन्माचा मित्र आणि इसेलाचा पाद्रिनो. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला त्यानंच हातांवर धरलं होतं. त्यानं पिस्तुलं पुसली आणि पेटी कुलपाच्या खोलीत टेबलावर उघडीच ठेवली. संध्याकाळी अंगणात मिरच्या भाजण्याचा कार्यक्रम होता, त्यामुळे सगळ्यांची ये-जा चालू होती. अंधार पडायच्या आत प्रोकोपियोनं इसेलाला विचारून तांब्याच्या ठिपक्याचं पिस्तूल घरी नेलं. त्याची स्प्रिंग सैल पडली होती, ती त्याला बदलायची होती. पेटीला कुलूप इसेलानं घातलं ते त्याच्यानंतर.

एर्मेलिंडानं हे सगळं ऐकून घेतलं आणि आधी वेडला गाठलं.

वेडचं गावात बंदुकांचं दुकान होतं. अब्रानच्या कामाचं तो तोंडभरून कौतुक करायचा आणि इसेलाला मात्र वर्षभर नव्या, हलक्या पिस्तुलांचा जोड विकायच्या मागे होता. चांदीच्या ठिपक्याचं पिस्तूल दुकानाच्या काचेत लावायला द्यावं, अशीही विनंती त्यानं दोनदा केली होती. तशाच बनावटीची जुनी पिस्तुलं त्याच्याकडे पडून होती. तेव्हा अदलाबदल करायला तोच सगळ्यात सोयीचा माणूस. तो चिडला नाही, पण दुखावला. आपण संध्याकाळभर भाजायच्या पिंपापाशी उभे राहून मिरच्या सोलत होतो, याला सगळा क्लब साक्षी आहे, म्हणाला. बोटं अजून चरचरताहेत म्हणून त्यानं तळहात पुढे केले.

एर्मेलिंडानं बोट ओलं केलं, पिस्तुलाच्या मुठीवरून फिरवलं आणि जिभेला लावलं. तेलाची चव आली. तिखटाचा मागमूस नव्हता. त्या हातांनी वेडनं ही मूठ धरली असती तर तिची जीभ हुळहुळली असती.

वेडचा विषय तिनं तिथंच मिटवला. पण वेडनं मिटवला नाही. पिस्तूल खरंच हरवलं असेल तर ती थट्टेची गोष्ट नव्हे, असं तो म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. “संध्याकाळपर्यंत सापडलं तर ठीक, तिया. नाहीतर मला शेरीफला कळवावं लागेल. आणि काल त्या खोलीत कोण कोण होतं असं त्यानं विचारलं, तर डेल्फिनोचं नाव मी गाळू शकणार नाही.”

३

डेल्फिनो हमरस्त्याच्या कडेला आपल्या ट्रकच्या मागं मिरच्यांची पोती मांडून बसला होता. बहीण आधीच येऊन गेली होती. तिनं काय विचारलं आणि त्यानं काय उत्तर दिलं हे एर्मेलिंडाला विचारावंच लागलं नाही. त्याचा चेहरा सांगत होता. उद्याच्या स्पर्धेला आपण येणार नाही, एवढंच तो म्हणाला आणि एका गिऱ्हाइकाची पिशवी भरू लागला.

एर्मेलिंडा उलट्या घातलेल्या खोक्यावर बसली. पिन्यॉनची पुडी त्याच्यापुढे धरली. त्यानं मान हलवली, मग थोड्या वेळानं चार बिया घेतल्या.

हळूहळू तो बोलू लागला. वडिलांनी आपल्याला कानस कधी हातात धरू दिली नाही. तुझे हात घाई करतात, म्हणायचे. इसेलासाठी तीन पिस्तुलं घडवली, आपल्यासाठी काही नाही. त्याबद्दल तक्रार नव्हती, तिला त्यांची गरज होती. पण ते गेल्यावर त्यांची अवजारं क्लबच्या कुलपाच्या खोलीत ठेवली गेली आणि आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

“मग काल शर्टाखाली काय होतं?”

डेल्फिनो उठला. ट्रकच्या पुढच्या खणातून त्यानं एका फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. जाड भिंगांचा चष्मा होता, काम करताना अब्रान कपाळावर चढवून ठेवायचे तो. एक काडी तारेनं बांधलेली होती.

“मागितला असता तर दिला असता क्लबवाल्यांनी,” तो म्हणाला. “पण मागायची लाज वाटली, तिया. आणि आता बहिणीला हे दाखवायची तर त्याहून.”

एर्मेलिंडानं चष्मा हातात घेतला, बघितला आणि परत त्याच्या हातात दिला. हा मुलगा खरं बोलत होता. पण शेरीफला चष्मा दाखवून काय सिद्ध होणार? चष्मा घेणाऱ्यानं पिस्तूलही घेतलंच असेल, असंच लोक म्हणणार. दुपार उतरू लागली होती.

४

क्लबात परत येऊन तिनं इसेलाला बोलावलं आणि टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला.

पिस्तूल खोलायच्या आधी तिनं मुठीचे स्क्रू नीट बघितले. प्रत्येक स्क्रूची खाच अगदी सरळ, उभी होती. अब्रानची ती जुनी खोड. स्क्रू घट्ट बसला तरी खाच वाकडी असेल तर त्यांना चैन पडत नसे. एर्मेलिंडा मनात काहीतरी जुळवत राहिली. मग तिनं स्क्रू सोडवले आणि मुठीची लाकडी पट्टी अलगद उचलली.

पट्टीखाली, पोलादाला चिकटलेला, एक आखूड पिवळा केस होता.

इसेला वाकली. “हा तर ओसोचा.”

ओसो तिचा कुत्रा. संध्याकाळी कामावरून आली की ती सोफ्यावर बसायची आणि रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढायचा सराव करायची. ओसो तिच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत असायचा. तिचा झगा, उशा, चहाचा कप, ओसोच्या केसांपासून काहीच सुटलं नव्हतं.

“सोफ्यावर कुठलं पिस्तूल घेऊन बसतेस?”

“सरावाचं. तांब्याचं. चांदीचं मी घरात पेटीबाहेर कधीच…” इसेला बोलता बोलता थांबली.

एर्मेलिंडानं मान डोलावली. बाहेरचं पिस्तूल कुणी आणलंच नव्हतं. कुणीतरी जुळ्या भावंडांच्या मुठीच्या पट्ट्या तेवढ्या बदलल्या होत्या. चांदीचा ठिपका सरावाच्या पिस्तुलावर, तांब्याचा स्पर्धेच्या पिस्तुलावर. डोळे फसले. हात फसला नाही, कारण या पिस्तुलाशी त्याची रोजची गाठ होती.

“म्हणजे माझं खरं पिस्तूल तांब्याचा ठिपका लावून बाहेर गेलं,” इसेला सावकाश म्हणाली. “आणि तांब्याचं पिस्तूल तर…”

“तुझ्या पाद्रिनोच्या घरी आहे.”

इसेला तिच्यावर उखडलीच. पाद्रिनोला यातलं काही माहीत नसणार. चोरानं पट्ट्या बदलल्या असतील आणि पुढं त्याच्या घरातून उचलायचा बेत असेल. त्या म्हाताऱ्यानं आयुष्यात कुणाचा खिळासुद्धा घेतलेला नाही.

एर्मेलिंडानं तिला बोलू दिलं. मग पिस्तुलाचा वरचा सरकता भाग काढून तिनं आतली स्प्रिंग पंचावर ठेवली. नवी कोरी, चकचकीत, ताठ स्प्रिंग होती. अजून तेलाचा पहिला हातही वाळला नव्हता.

“सरावाच्या पिस्तुलाची स्प्रिंग सैल होती म्हणून तो ते घरी घेऊन गेला ना? मग सरावाचं पिस्तूल तर हे इथं आहे, आणि याची स्प्रिंग आधीच बदललेली आहे. मला सांग, मिहा, तुझं पिस्तूल चोरणारा माणूस तुझ्यासाठी मागं नवी स्प्रिंग कशाला घालून ठेवील? अब्रानच्या रिवाजाप्रमाणे खाचा सरळ करत कशाला बसेल?”

इसेलानं स्प्रिंग उचलून बोटांत दाबून बघितली.

“ज्यानं हे केलं त्याला उद्या तू चांगली खेळावीस असं वाटत होतं,” एर्मेलिंडा म्हणाली. “फक्त त्या दुसऱ्या पिस्तुलानं नाही.”

५

प्रोकोपियो घराच्या ओसरीवर बसला होता. दोघींना गाडीतून उतरताना बघून तो उठला नाही. एर्मेलिंडानं काही विचारायच्या आतच तो आत गेला, पिस्तूल घेऊन आला आणि खोललेल्या स्थितीतच टेबलावर मांडलं. मग खिशातलं भिंग इसेलाच्या हातात दिलं.

“सरकत्या भागाच्या आतून बघ. उजेडाकडे धर.”

इसेलानं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग भिंग एर्मेलिंडाला दिलं. पोलादात आतल्या बाजूनं केसाएवढी चीर गेली होती. बाहेरून तिचा पत्ताही लागला नसता. तिथं धातू फार खरवडला होता, नको तितका पातळ झाला होता.

प्रोकोपियो अंगणाकडे बघत बोलू लागला. शुक्रवारी साफ करताना त्याला ती दिसली होती. आणखी थोड्या गोळ्यांत ती फाकली असती, आणि फाकली असती तर पोलादाचा तुकडा मागं, तिच्या तोंडाच्या दिशेनं आला असता. बाहेर मिरच्या भाजत होत्या, लोक अब्रानच्या आठवणी काढून हसत होते, रविवारच्या स्पर्धेला त्याच्या नावाचा फलक रंगवून तयार होता. तेवढ्यात सुचलं ते त्यानं केलं. चांगल्या पिस्तुलाला चांदीचा ठिपका लावला, नवी स्प्रिंग घातली, आणि चिरलेलं उघड उघड घरी आणलं. स्पर्धा झाली की नवा भाग घडवायचा आणि गुपचूप पुन्हा पट्ट्या बदलायच्या, असा त्याचा बेत होता.

“मला सांगायचं होतंत,” इसेला म्हणाली.

“काय सांगू? तुझ्या बापाचं शेवटचं काम फसलं, असं? ऐन त्याच्या स्पर्धेच्या तोंडावर? शेवटी शेवटी हात थरथरायचा त्याचा. माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं.”

“पाद्रिनो, त्यांना सूप मी भरवत होते.”

प्रोकोपियोनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

“आणि तो भाग त्यांनी खरवडला तो माझ्यामुळे,” ती म्हणाली. “जड वाटतं म्हणून मी कुरकुरले होते. नाहीतर ते जुळ्याला जुळंच ठेवणार होते. मी हट्ट केला.”

मग एर्मेलिंडानं प्रोकोपियोला सांगितलं, की त्यानं मित्राचं नाव राखलं खरं, पण गावात सकाळपासून मित्राचा मुलगा चोर ठरतोय. प्रोकोपियोला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो उभा राहिला, खुंटीवरची टोपी घेतली आणि चालायला लागला. इसेलानं त्याला दारात अडवलं. तुम्ही वेडकडे जाऊन सगळं सांगा, म्हणाली, भावाकडे मी जाते.

६

भावाबहिणीत काय बोलणं झालं ते एर्मेलिंडाला कधी कळलं नाही. रविवारी सकाळी दोघं एकाच ट्रकमधून उतरली. दोघांचे डोळे सुजलेले होते आणि दोघं रेडिओवरच्या गाण्यावरून भांडत होती. डेल्फिनोच्या कपाळावर तो तारेचा चष्मा होता. वेडनं पुढं होऊन त्याला हात दिला आणि फलक टांगायला शिडीवर चढवलं.

पट्ट्या प्रोकोपियोनं आपल्या हातानं जागच्या जागी बसवल्या. इसेला तांब्याचा ठिपका लावून मैदानात उतरली. हे स्पर्धेचं पिस्तूल नाही, असं एका पंचानं हटकलं तेव्हा ती म्हणाली, वडिलांनी हात एकाच भाषेत बोलायला शिकवलाय, कुठलंही चालेल. पहिल्या लक्ष्यांवर ती थोडी घाईत होती. मग खांदे सैल पडले, पाय रुतले आणि ती सोफ्यावर बसल्यासारखी निवांत गोळ्या झाडत गेली. पहिला नंबर सोकोरोहून आलेल्या एका दणकट शिक्षिकेचा आला. इसेला दुसरी आली आणि त्या बाईला मिठी मारायला सगळ्यांच्या आधी पोचली.

जेवणाआधी वेडनं अब्रानबद्दल चार शब्द बोलायला तिला बोलावलं. आदल्या भाषणांत अब्रानच्या हातून कधी चूक झाली नाही, असं पुनःपुन्हा सांगून झालं होतं. इसेलानं पिस्तुलाचा तो चिरलेला भाग खिशातून काढून सगळ्यांसमोर धरला.

“हे बाबांचं शेवटचं काम,” ती म्हणाली. “मी लाडावले, पिस्तूल जड आहे म्हणाले. चांगल्या कारागिरानं नाही म्हणायला हवं होतं. पण ते बापही होते.”

प्रोकोपियोनं मान खाली घातली होती. आधी कुणी तरी एक जण हसला, मग सगळेच हसले, आणि मग बायकांनी रुमाल काढले. त्यानंतर मिरचीच्या रश्श्याच्या पातेल्यांवरची झाकणं उघडली आणि दुपारभर अब्रानच्या इतर चुका निघत राहिल्या. त्या बऱ्याच होत्या, आणि त्या ऐकताना इसेला जितकी हसली तितकी ती फेब्रुवारीपासून हसली नव्हती.

पुढच्या आठवड्यात एर्मेलिंडा पोसोलेचा, म्हणजे मक्याच्या रश्श्याचा, वाडगा घेऊन अब्रानच्या कारखान्यावरून चालली होती. फेब्रुवारीपासून बंद असलेलं दार आज उघडं होतं. आतून पोलादावर कानस घासल्याचा आवाज येत होता, मधूनच थांबत होता.

“घाई नको,” प्रोकोपियोचा आवाज आला.

“घाई नाही करत. तुम्हीच मध्ये मध्ये बोलताय.”

“बोलल्याशिवाय शिकवू कसं?”

“बाबा कधी बोलायचे नाहीत.”

“त्यानं शिकवलं का तुला?”

डेल्फिनो हसला. मग कानस पुन्हा सुरू झाली, या वेळी सावकाश, एका लयीत. एर्मेलिंडानं दार वाजवलं नाही. वाडगा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, वर रुमाल झाकला, आणि ती उन्हातून घरी निघाली.